एडनाच्या दगडावरचा शब्द

वॉल्टर ऑर्मरॉडने कागद दोनदा वाचला आणि त्याला मळमळलं. चाळीस वर्षं गावाची गटारं उपसताना कधी मळमळलं नव्हतं.

बायकोच्या थडग्यावर लावायच्या दगडासाठी त्याने मजकूर दिला होता : 'एडना ऑर्मरॉड. सूतगिरणीची धूळ छातीत बसून मेली.' चर्चच्या आवारात दगड उभा करायचा तर मजकुरावर पाद्र्याची सही लागते. पाद्री पेनफोल्डने सही केली नव्हती. नावाखालचं सगळं खोडून सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'शांतपणे झोपी गेली.'

झोपी. शेवटची दोन वर्षं एडनाला पाठ टेकता आली नव्हती. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीतच बसून असायची. "माझ्या दगडावर झोपले-बिपले लिहू देऊ नकोस," ती म्हणायची. "जिवंतपणी झोप मिळेना, आणि हे मेल्यावर देणार." त्याने तसं कबूल केलं होतं.

दफनाच्या दिवशीही हेच. कुणी म्हणालं ती गेली, कुणी म्हणालं तिची झुंज संपली. शेजारीण गळा काढून म्हणाली, "तू तिला हरवून बसलास रे."

"हरवली नाही," वॉल्टर म्हणाला. "पेटीत आहे. ती बघ."

शेजारणीने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

कागद खिशात घालून तो पाद्र्याकडे निघणार, तेवढ्यात पाद्र्याचाच फोन आला. "ऑर्मरॉड, जरा येता का? घरामागे थोडी अडचण झाली आहे. जरा ओलसर झालंय."

वॉल्टर तुंबलेलं गटार मोकळं करायच्या बांबूच्या काठ्या घेऊन गेला. चेंबरचं झाकण उचलून वर आलं होतं. रूबार्बचा वाफा तपकिरी पाण्यात बुडाला होता आणि त्यावर संडासातले कागद तरंगत होते. पाद्री नाकाला रुमाल लावून कडेला उभा होता.

"काय झालंय?" वॉल्टरने विचारलं.

"दिसतंय ना तुम्हाला."

"दिसतंय. तुम्ही काय म्हणता याला?"

"सांडपाण्याची किंचित कुरबुर."

पाद्र्याची बायको गुडघ्यापर्यंतचे बूट घालून दारात आली. "सिरिल, गू आहे तो. सकाळपासून माझ्या रूबार्बमध्ये गू वाहतोय आणि तू कुरबुर काय म्हणतोस?"

वॉल्टरने काठ्या एकीला एक जोडल्या आणि आत सारल्या. तासाभराने चिंध्यांचा आणि चरबीचा एक बोळा बाहेर आला, वास असा की पाद्री चार पावलं मागे गेला. पाणी घुर्र करून उतरलं. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुऊन वॉल्टरने खिशातला कागद पुढे केला.

"हे बदला, पाद्रीसाहेब."

"वाचणाऱ्यांना त्रास होईल, ऑर्मरॉड."

"एडनाला झाला. त्यांनाही थोडा होऊ दे."

"अहो, झोपी गेली ही नुसती बोलायची रीत आहे. त्यात खोटं असं काही नाही."

"कुरबुर म्हणून पाणी उतरलं असतं का?"

पाद्र्याने कागद हातात घेतला. त्याची बायको म्हणाली, "ती त्या खुर्चीत कशी बसायची ते मी बघितलंय, सिरिल. तू नाही. तू दारातच सूपचं भांडं ठेवून यायचास."

पाद्र्याने पेन काढलं. आपलं लिहिलेलं खोडून 'निधन पावली' लिहिलं. वॉल्टर हललाच नाही. पाद्र्याने तेही खोडलं आणि वॉल्टरचा मजकूर पुन्हा लिहिला, जसाच्या तसा, धुळीसकट. खाली सही केली.

वॉल्टरने वाचलं. मेली. हा शब्द मिळाला की बरं वाटेल, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. वाटलं नाही. घरी जाऊन त्या खुर्चीसमोरच जेवायचं होतं.

त्याने काठ्या खांद्यावर घेतल्या. "तुमच्या बुटाला लागलंय," तो पाद्र्याला म्हणाला.

पाद्र्याने खाली पाहिलं. रुमाल खिशात घातला.

"हो," तो म्हणाला. "गू आहे."