विहिरीमार्गे मालदीव

समुद्र हा कोकणी माणसाच्या रक्तातच असतो. माझ्या रक्तात तो जरा जास्त झाला आहे असं डॉक्टरांचं मत पडलं आणि त्यांनी माझं मीठ बंद केलं. रक्ताबाहेरच्या समुद्राशी मात्र आमच्या घराण्याचे संबंध पहिल्यापासून बेताचे. भाट्याचा किनारा आमच्या गच्चीतून दिसतो. पुण्याचे पाहुणे आले की आम्ही तो त्यांना अभिमानाने दाखवतो, जसा काही आम्हीच बांधून घेतलाय. पाहुणे धावत लाटांत शिरतात. आम्ही वाळूत उभे राहून "फार पुढे जाऊ नका" असं ओरडतो. पिढ्यान्‌पिढ्या आमचं नौकानयन ते एवढंच.

त्यातही माझ्या बायकोचं, हेमाचं, काम ठरलेलं. सगळ्यांच्या चपला, चष्मे आणि मोबाइल राखत ती वाळूत बसायची. पहिल्यांदा बसली ती नवी नवरी म्हणून, मग मुलं लहान म्हणून, मग मुलं मोठी झाली आणि त्यांच्या चपलाही मोठ्या झाल्या म्हणून. शाळेत प्राथमिकला शिकवून निवृत्त झाली, पण या कामातून तिला कुणी निवृत्त केलं नाही.

गेल्या गणपतीनंतर माझ्या पुतण्याचा, मुकुलचा, पुण्याहून फोन आला. तो आणि त्याची बायको मनस्विनी उन्हाळ्यापूर्वी मालदीवला जाणार होते. समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ बघायचं, पाठीवर हवेची टाकी, पायात बदकासारखी वल्ही. आम्हालाही चला म्हणाला. मुकुलने या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे तो अनुभवी माणसासारखा बोलत होता.

"काका, तुमच्या बीपीला खाली जाता येणार नाही. पण काकू आणि तुम्ही मस्त बोटीत बसा. सावली असते, चहा देतात. आणि आमचं सामान कुणीतरी बघायला हवंच ना."

फोन स्पीकरवर होता. हेमा शेंगा सोलत होती. ती थांबली.

"मुकुल, मी बोटीत बसणार नाही."

"मग कुठे बसणार काकू?"

"खाली येणार."

मुकुल लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "काकू, तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"अजून नाही," हेमा म्हणाली आणि राहिलेल्या शेंगा सोलून संपवल्या.

त्या दिवसापासून आमच्या घराचा कारभार बदलला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही असं सांगितल्यावर हेमाने असा चेहरा केला की फोटोवाल्याने तिला बसायला खुर्ची दिली. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानातून जो ऐवज काढला तो पाहून, इतकी वर्षं माझं बोलणं आत का पोचलं नाही याचा मला उलगडा झाला. पाणबुड्याला खाली जाताना कान दुखू नयेत म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावं लागतं, हे डॉक्टरांनी शिकवलं. हेमा ते जाता येता करू लागली. एकदा मासळी बाजारातून जाताना, सुरमईच्या पाटीसमोर उभी राहून तिने नाक धरलं.

"बाई, नाक कशाला धरतेस? सकाळचीच हाय ती!" कोळीणबाई कडाडली. मला जरुरी नसताना अर्धी सुरमई घ्यावी लागली. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. ती शेजारच्या वजीरभाईंकडे गेली.

सामान माझ्याकडे होतं. प्रवाळाला अपाय करणार नाही असं उन्हाचं मलम मी शोधलं. हेमाच्या चष्म्याच्या नंबराची काच बसवलेला पाण्यातला मुखवटा मुंबईहून मागवला. शेवटच्या बुडीनंतर पूर्ण दिवस तरी विमानात बसायचं नाही, नाहीतर अंगात मुरलेली हवा त्रास देते, हे वाचून परतीची तिकिटं पुढे ढकलली. मेतकुटाचा डबा मात्र सामानात घ्यायचा की नाही यावर मतभेद झाले. तो घेतला.

पोहणं बागेतल्या विहिरीत सुरू झालं. आमच्याकडे पोहायला शिकायची जुनी पद्धत अशी की न सोललेल्या सुक्या नारळांची जोडी पाठीला बांधायची आणि माणसाला पाण्यात सोडायचं. नारळ बुडत नाही, म्हणून माणूसही बुडत नाही. हेमा पहिल्या दिवशी पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. मी वर दोर धरून उभा. तिसऱ्या पायरीवर ती म्हणाली, "अहो, दोर ताठ धरा, माझ्याकडे बघू नका." दिवाळी झाली, आंब्यावर पहिली फवारणी झाली, आणि एक दिवस हेमाने नारळ सोडून विहिरीला चक्कर मारली. बागेतला सखाराम फवारणीचा पंप खाली ठेवून बघत राहिला.

आता पाण्याखाली राहायचं. त्यासाठी हेमाकडे हुकमी अस्त्र होतं, प्राणायाम. योगवर्गात ती वर्षानुवर्षं कुंभक करत आली होती. म्हणजे श्वास भरायचा आणि आत रोखून धरायचा. ती तो पायरीवर करू लागली, मग पाण्यात डोकं घालून. मी काठावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो आणि ते वेळ मोजायचं साधन झालं. आधी ती मथळ्यापर्यंत टिकायची. मग निधनवार्तांपर्यंत. होता होता ती अख्खा अग्रलेख श्वास रोखून काढू लागली. गावात अग्रलेख शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच, आणि तीही पाण्याखालून.

मुकुलला कळवलं. त्याने विश्वास ठेवला नाही. शेवटी त्याच्यात आणि हेमात एक तोड निघाली. वजीरभाईंची मुलगी महरीन मालदीवमध्येच लोकांना पाण्याखाली जायला शिकवते. ती रजेवर घरी येणार होती. ती हो म्हणाली तर काकू खाली, नाही म्हणाली तर काकू बोटीत.

"आणि मग पुन्हा हट्ट नाही हं काकू," मुकुल म्हणाला.

"नाही," हेमा म्हणाली.

महरीन आली. मालवणच्या ओळखीतून तिने हवेची टाकी मिळवली होती. ती रिक्षातून उतरवताना सखाराम धावत आला.

"भाऊ, ग्यास बावीत कशाला सोडताव?"

"खाली चहा करायचाय," वजीरभाई म्हणाले. सगळी नोकरी जहाजावर काढलेला माणूस, चेहरा हलत नाही. सखाराम मान डोलावून गेला आणि थोड्या वेळाने वाडीतली चार माणसं घेऊन परत आला.

हेमा मुखवटा लावून, नळी तोंडात धरून पायऱ्या उतरली. सोबत महरीन. दोघी पाण्याखाली गेल्या. मी सवयीने वर्तमानपत्र उघडलं. पहिलं वाक्य संपायच्या आत दोघी वर.

"काकू, तुम्ही श्वास का रोखलात?"

"म्हणजे? पाण्यात रोखायचाच असतो ना? मी अग्रलेखभर रोखते."

महरीनने माझ्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राकडे.

"काकू, टाकी घेऊन जाताना पहिलाच नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, सतत. रोखून वर आलात तर आतली हवा फुगते. फुप्फुसाला इजा होते. माणूस जाऊ शकतो."

मी वर्तमानपत्र घडी करून त्यावर बसलो. हेमाने माझ्याकडे असं पाहिलं, जसे ते सगळे अग्रलेख मीच लिहिले होते.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा गेल्या, पुन्हा वर. पाण्यात डोकं गेलं की हेमाची छाती आपोआप कुलूप लावत होती. इतक्या महिन्यांची मेहनत, ती काय सहज सुटते? तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा महरीनने तिला हळूच पायरीवर बसवलं.

"काकू, राहू दे. मी खोटं सांगू शकत नाही मुकुलला. बोटीतूनसुद्धा खूप छान दिसतं हो. पाणी एकदम स्वच्छ असतं."

काठावरून वजीरभाई म्हणाले, "वहिनी, समुद्र कुठे पळून जातोय? पुढच्या साली."

हेमाने मुखवटा काढला. नाकावर लाल वळ उठला होता. पाण्यात पाय सोडून ती वर्गात पोरांना उभं करायची तशा आवाजात म्हणाली, "महरीन. चौथीत तू माझ्याच वर्गात होतीस ना?"

"हो बाई," महरीन एकदम म्हणाली. काकूची बाई कधी झाली ते तिलाही कळलं नाही.

"मी एखाद्याला उभं करून प्रश्न विचारला की तो काय करायचा?"

"श्वास रोखायचा."

"आणि सगळे मिळून पाढे म्हणायचे तेव्हा?"

महरीनच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तेव्हा नाही रोखायचं कुणी. पाढा म्हणताना रोखता येतच नाही. पण बाई, तोंडात नळी आहे. बोलणार कशा?"

"तुम्ही सगळे तोंडात गोळी धरून म्हणायचात. मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?" हेमाने मुखवटा चढवला. "चल."

पाणी मिटलं. मग बुडबुडे आले. एक झुपका, मग थांबून दुसरा, मग तिसरा, ठेक्यात. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातून कितीदा ऐकलेला तोच ठेका, फक्त आवाज नव्हता. वजीरभाई वाकून बघत होते.

"चिंतामणी, वहिनी कुठे पोचल्या?"

"तेरावर असाव्यात," मी म्हणालो. मला काहीच कळत नव्हतं, पण नवऱ्याने माहीत असल्यासारखं दाखवावं.

बुडबुडे विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले, परत आले. सखारामसोबत आलेली माणसं ओठांतल्या ओठांत म्हणू लागली होती. मध्येच बुडबुडे मंदावले. बारीक झाले. माझा हात दोरावर आवळला.

"एकोणतीस," सखाराम म्हणाला. "हितं सगलीच अडकतात."

खरंच असणार. कारण एक मोठा झुपका वर आला, मग पुढचा, आणि मग सगळं सुरळीत तिसावर. तीस सोपा असतो. बऱ्याच वेळाने दोघी वर आल्या. महरीनने तोंडातली नळी काढली.

"आख्खा वेळ श्वास चालू होता," ती म्हणाली. "एकदाही रोखला नाही. मी स्वतः मोजत होते. सतराला चुकलात मात्र."

"चुकणार नाही," हेमा म्हणाली. "चुकले असेन तर पाणी गेलं असेल."

महरीनने तिथूनच, ओल्या हाताने, मुकुलला फोन लावला. विहिरीच्या काठावर सगळे जमले. हेमा पायरीवर उभी, अंगातून पाणी गळतंय, दम लागलाय आणि चेहरा असा की पासपोर्टवाल्यांनी फोटो आत्ता काढायला हवा होता.

"मुकुलदादा, काकू येतील. खाली. मी सही करते."

पलीकडून मुकुल अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पण... श्वास रोखायचा नसतो? नक्की? मी तर रोज बादलीत डोकं घालून..."

"नसतो. काकू पाढे म्हणतात. त्याने आपोआप चालू राहतो."

"काकूंना द्या ना फोन." हेमाने फोन कानाला लावला. स्पीकर चालूच होता हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"काकू, मनस्विनीला सांगू नका. मला बारापर्यंतच येतात हो, तेही इंग्लिशमध्ये. पुढचे जरा व्हॉट्सॲपवर पाठवाल का?"