जिने चढू शकतो

कौन्सिलचं पत्र लॉर्नानं आधी मनात वाचलं, मग नवऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं.

"अर्जदाराचे पती अधूनमधून विश्रांती घेत जिने चढू शकतात. सबब तळमजल्याच्या घरासाठीचा आपला अर्ज तिसऱ्या गटात ठेवण्यात येत आहे."

नाकाला प्राणवायूची नळी लावून खिडकीपाशी बसलेला क्लाइव्ह हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "विश्रांती घेत घेत तर मी चंद्रावरही जाईन. पण मला चढताना पाहिलं कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या त्या गावात क्लाइव्ह थ्रेलफॉलनं उभी हयात बस चालवली होती. आता फुप्फुसं कामातून गेली होती. आंद्रेआसच्या तळलेल्या माशांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं भाड्याचं घर. लिफ्ट नाही. नाताळानंतर तो खाली उतरला तो फक्त इस्पितळात जायला, आणि तेही रुग्णवाहिकेच्या माणसांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं म्हणून.

कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, स्वस्त भाड्याची घरं अर्ध्या गावाला हवी होती. म्हणून मागणाऱ्यांचे गट पाडलेले. दर गुरुवारी रिकाम्या घरांची यादी लागायची, ज्याला हवं त्यानं नाव नोंदवायचं, आणि वरच्या गटातला, त्यातही जास्त ताटकळलेला, घर घेऊन जायचा. तळमजल्याची घरं पहिल्या गटाच्या खाली येतच नसत. तिसऱ्या गटात असणं म्हणजे दुसऱ्यांची रांग बघत बसणं.

लॉर्नानं फोन लावला. पलीकडे गॅरेथ पिम नावाचा तरुण अधिकारी होता.

"आमच्या डॉक्टरांनी सगळं पाहूनच मत दिलंय, मिसेस थ्रेलफॉल."

"सगळं म्हणजे माझ्या नवऱ्याला?"

"कागदपत्रं पाहिली त्यांनी."

"मग कागदपत्रं चढत असतील जिने. हा नाही चढत."

फेरविचाराचा अर्ज करा, असं पिमनं सांगितलं. तिनं केला. तोही त्याच डॉक्टरांकडे गेला आणि तेच वाक्य घेऊन परत आला. लॉर्ना शाळेत स्वयंपाकाच्या कामाला होती. त्या दिवशी तिथं तिनं बटाट्यांचा असा काही लगदा केला, की बरोबरच्या बायका तिच्यापासून लांबच राहिल्या.

क्लाइव्हची इस्पितळात तपासणी होती त्या दिवशी तिनं रुग्णवाहिकेच्या माणसांना सांगितलं, "परत न्यायला येऊ नका. आज दुसरी सोय आहे." क्लाइव्हला आधीच विश्वासात घेतलं होतं. त्यानं बस कंपनीचा जुना टाय बांधला होता. तपासणी उरकल्यावर तिनं त्याची चाकांची खुर्ची थेट कौन्सिलच्या कचेरीत ढकलत नेली आणि चौकशीच्या खिडकीसमोर उभी केली.

"मिस्टर पिमना बोलवा. माझ्या नवऱ्याला घरी पोचवायचंय."

पिम खाली आला. वयानं त्यांच्या मुलासारखा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"हे बघ, पोरा," लॉर्ना म्हणाली, "तुमचं म्हणणं, हा जिने चढतो. मला काही ते जमवता येत नाही. तुम्हाला युक्ती माहीत असणार. तेवढं याला वर नेऊन सोडा, आम्ही गप्प बसतो."

"असं नाही करता येत."

"का? याला चढता येतं ना?"

बाकांवर बसलेली माणसं माना वळवून बघू लागली. पिमनं आवाज खाली आणला. "तुमचा त्रास मला कळतो. पण सबंध गावात तळमजल्याची घरं मोजकी. तुमच्या पुढं कर्करोगाचे रोगी आहेत, पाय तुटलेली माणसं आहेत. त्यांना मी काय सांगू?"

हा प्रश्न लॉर्नाला लागला. ती म्हणाली, "मला त्यांच्या पुढं घुसायचं नाहीये. त्यांच्या मागं उभं राहायचंय. तुम्ही आम्हाला त्या रांगेतच घेतलं नाही. न बघता बाहेर काढलंत."

दुपार कलली. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तसा पहारेकरी जवळ आला आणि ओशाळून म्हणाला, "आता निघावं लागेल, साहेब."

"मी बस चालवायचो," क्लाइव्ह एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "शेवटच्या थांब्यावर... झोपलेल्या माणसालासुद्धा... मी कधी ढकलून उतरवलं नाही."

पहारेकरी दोन पावलं मागं सरला. पोलीस बोलवावे लागतील, असं वरून कुणीतरी कळवलं. "बोलवा," लॉर्ना म्हणाली. "त्यांचे दंड मजबूत असतात. तेच चढवतील वर."

शेवटी पिमनंच कोट अंगात घातला. "चला. मी येतो तुमच्याबरोबर."

घराच्या जिन्याच्या तोंडाशी आल्यावर पिमनं खुर्ची उचलायला हात घातला. क्लाइव्हनं तो बाजूला केला.

"आधी मी चढणार."

हे काही ठरलेलं नव्हतं. "क्लाइव्ह, वेडेपणा करू नकोस," लॉर्ना म्हणाली. पण त्यानं कठडा धरला होता. पिम प्राणवायूची टाकी घेऊन त्याच्या मागं. चार-पाच पायऱ्यांतच क्लाइव्हचे ओठ निळसर झाले. तो थांबला, कठड्यावर कपाळ टेकलं, पुन्हा पाय उचलला. पहिलं वळण यायच्या आत गुडघे वाकले आणि तो पायरीवरच बसला. छातीचा भाता नुसता वरखाली होत होता.

"बस झालं," पिम म्हणाला. "मी पाहिलं. बस करा आता."

क्लाइव्हनं बोट वर केलं, थांब म्हणून. बऱ्याच वेळानं त्याला शब्द सापडले. "विश्रांती... घेतोय. तुमच्या डॉक्टरांनी... सांगितलंय."

लॉर्ना त्याच्याशेजारी बसून त्याची पाठ चोळत होती आणि दातओठ खात त्यालाच शिव्या देत होती. "मेला असतास तर? त्यांना धडा शिकवायला मला विधवा करणार होतास?" आंद्रेआस दुकान टाकून धावत आला. त्यानं आणि पिमनं मिळून क्लाइव्हला खुर्चीतून वर नेलं. वर पोचल्यावर पिम दारातच भिंतीला टेकून बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. लॉर्नानं त्याच्या हातात चहाचा मग दिला.

"आमच्यासारखे आणखी किती असतील, न बघता नाकारलेले?" तिनं विचारलं.

पिमनं मगात पाहिलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही कधी."

पंधरवड्यात ती दोघं पहिल्या गटात गेली. म्हणून घर लगेच हाती पडलं असं नाही. गुरुवारमागून गुरुवार ती नाव नोंदवत राहिली आणि घर दुसऱ्या कुणाला जात राहिलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केली नाही. पानगळ सुरू झाली तेव्हा गावाबाहेरच्या वसाहतीत तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच सकाळी तिला जाग आली तर शेजारची जागा रिकामी. धसकून ती बाहेर धावली. क्लाइव्ह खुर्चीची चाकं स्वतःच हातानं फिरवत फाटकापर्यंत गेला होता आणि कुणा अनोळखी शेजाऱ्याशी फुटबॉलवरून वाद घालत होता.

पुढच्या महिन्यात कौन्सिलची जाहीर सभा होती. नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली तशी लॉर्ना उभी राहिली. जिने चढता येतात असं न बघता ठरवलेली माणसं या गावात किती, आणि त्यांना बघायला कोण जाणार, असं तिनं विचारलं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिसेस थ्रेलफॉल, तुम्हाला घर मिळालंय, अशी माझी माहिती आहे. तुमचं काम झालं ना?"

"झालं ना. म्हणून तर आज घाई नाही मला."

सभागृहात मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. ज्याचा प्रश्न होता तो म्हातारा काठीला रेलून बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, "माझं नंतर. आधी बाईंना उत्तर द्या."

लॉर्ना उभीच होती. तिनं तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.