वन्संचं टेबल

"डोळे मिट," वन्सं म्हणाल्या.

मुलीने आधी दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं, मग डोळे मिटले. वन्संनी तिचं मनगट धरून हात बुटात सरकवला.

"आता पुढे जा. पार अंगठ्याच्या जागेपर्यंत. काय लागतंय?"

"काही नाही."

"नीट बघ. बूट काही पळून जात नाही."

मुलीची बोटं आत हळूहळू फिरली. मग थांबली. "इथे काहीतरी टोचतंय. अगदी बारीक."

"खिळ्याचं टोक आहे ते. हा बूट असाच दुकानात गेला असता, तर घेणाऱ्याने चार पावलांत शोधून काढलं असतं आणि आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता."

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. मुलगीही हसली. दाराशी बाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. या मुलीला कॉलेजात सगळे मौनी म्हणत. 'हजर' याखेरीज तिच्या तोंडचा शब्द बाईंनी वर्गात कधी ऐकला नव्हता.

बाई कॉलेजात वाणिज्य शिकवत. मुलांची कंपन्यांशी गाठ घालून देण्याचं काम इतरांनी टोलवत टोलवत त्यांच्या गळ्यात मारलं होतं. आजवर ही गाठ म्हणजे काय, तर सभागृहात पडदा लावायचा, कंपनीतलं कुणीतरी टाय बांधून यायचं, मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगायचं. मागच्या रांगा झोपायच्या, पुढच्या रांगा बिस्किटांकडे बघायच्या. शेवटी फोटो. बाईंना याचा वीट आला होता. "मुलांना साहेबाचं भाषण नको," त्या प्राचार्यांना सांगत, "काम करणाऱ्या माणसाशेजारी बसू द्या. हात मळू देत जरा." प्राचार्य मान डोलवत आणि पुन्हा बिस्किटं मागवत.

अखेर त्यांना वकील भेटला. तो खरा वकील नव्हे. बाईंचा जुना विद्यार्थी, आता बूट कारखान्याचा व्यवस्थापक. नापास झाला तरी चूक पेपर तपासणाऱ्याचीच कशी, हे तो इतकं छान पटवून द्यायचा, की वर्गाने त्याला हे नाव ठेवलं होतं. परीक्षेआधी बाईंनी त्याला कितीतरी दिवस घरी बसवून शिकवलं होतं, आणि त्या दिवसांत तो वन्संच्या हातचंच जेवला होता.

"मॅडम, तुमच्यासाठी कारखान्याचं दार सताड उघडं," तो म्हणाला. "नुसती फेरी नको. आठवडाभर बसवू मुलांना. तपासणीच्या टेबलावर. ताई आहेतच तिथे, घरचंच माणूस."

ताई म्हणजे वन्सं, बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला, तशा त्या भावाच्या घरी वरच्या खोलीत आल्या आणि कारखान्यात लागल्या. नणंद-भावजय म्हटल्यावर दोघींचं वाजायचंही, पण एकीचं डोकं दुखलं तर दुसरी दिवा मालवायची.

"मला काय येतं शिकवायला? मी काय मास्तरीण आहे?" वन्सं म्हणाल्या होत्या.

"मास्तरीण मी आहे, मला तरी कुठे येतं?"

हसत हसत त्या तयार झाल्या. टेबलावरच्या बाकीच्या बायका मात्र कुरकुरत होत्या. आपलं काम परक्यांना का दाखवायचं, यात आपला काय फायदा. वन्संनी त्यांची समजूत काढली. "माझ्या वहिनीचं काम आहे. ती सांगते म्हणजे त्यात काळंबेरं नसणार."

तो आठवडा बाईंना सणासारखा वाटला. मुलं गोंदाने बरबटलेली बोटं मिरवत यायची. कुणाच्या नजरेतून शिवणीतला दोष सुटला, कुणाला शिवणीवरच्या बाईने झापलं, याच्या गोष्टी सांगायची. कारखान्याचा एक तरुण फोन घेऊन सगळं टिपत फिरत होता. कॉलेजला आठवण म्हणून देऊ, असं वकील म्हणाला होता. एकदा तो तरुण कुरकुरला की ताईंचे हात फार भरभर चालतात, काही दिसत नाही. तेव्हा बाईच पुढे झाल्या. "वन्सं, जरा सावकाश. एकेक गोष्ट सांगत करा ना, मुलांना कळेल." वन्संनी एकेक गोष्ट सांगत केलं.

शेवटच्या दिवशी वकिलाने भाषण केलं, त्यात वन्संचा दोनदा उल्लेख केला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी भाजी चिरताना वन्सं मध्येच थांबल्या. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या गं माझ्यासाठी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चिरू लागल्या.

काही आठवड्यांनी प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. एरवी खुर्चीतून न हलणारे प्राचार्य चक्क उभे राहिले. "मॅडम, बाजी मारलीत. कारखाना आपली सगळी मुलं घेतोय. एक वर्षाच्या करारावर. तपासणी विभागात."

बाई त्या दुपारी तास आटोपून तरंगतच घरी आल्या. वन्सं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. कामाच्या दिवशी या वेळी त्या घरी कशा, हा प्रश्न बाईंना आधी पडायला हवा होता. तो पडला नाही.

"वन्सं, माझी सगळी मुलं लागली. सगळी."

"कळलं. आमच्याच टेबलावर." वन्संचा आवाज नेहमीसारखाच होता. "आम्हाला सोमवारपासून येऊ नका म्हणाले. सगळ्या जणींना."

बाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"मी विचारलं, नव्या पोरांना शिकवणार कोण? तर तुझा वकील म्हणाला, ताई, तुम्ही शिकवलंयच की. पडद्यावर लावून दाखवलं मला. माझेच हात. तुझा आवाज पण आहे त्यात. वन्सं, जरा सावकाश."

"शप्पथ सांगते, मला यातलं काही माहीत नव्हतं."

"नसेल." वन्सं कठड्याला धरून उठल्या. "पण त्या बायका मला गेटवर विचारत होत्या, तुझ्या वहिनीला ठाऊक होतं का म्हणून. त्यांना मी काय सांगू?"

बाई तशाच उलट पावली कारखान्यात गेल्या. वकिलाने लगेच आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्याच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता.

"तू तिच्या हातचं जेवलायस," बाई म्हणाल्या.

"ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर ताईंना मी स्वतः सांगितलं, बाकीच्यांना कारकुनाने सांगितलं." त्याला हे खरोखरच मोठं वाटत होतं. "मॅडम, निर्णय वरून आधीच आला होता. या बायका जाणारच होत्या. बाहेरची माणसं घ्यायची त्याऐवजी तुमची मुलं घेतली. तुम्हीच म्हणायचात ना, मुलांना खरं काम द्या?"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

वकिलाने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. एवढंच एक उत्तर त्याने पटवून देण्याचा प्रयत्न न करता दिलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मुलं पाठवली नसती."

बाईंनी पाण्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तुमच्या जागा कुणाच्या आहेत, त्या कशा रिकाम्या झाल्या, आणि वर्ष संपल्यावर तुमचंही काय होऊ शकेल. प्राचार्य संतापले. "मुलांच्या पोटावर पाय देताय तुम्ही," ते म्हणाले आणि कंपन्यांशी गाठ घालून देण्याची जबाबदारी दुसऱ्या प्राध्यापकांकडे सोपवली. त्या दिवशी वर्गात मुलं खाली माना घालून बसली होती. एकाने विचारलं, "आम्ही नाही गेलो तर त्या बायकांना परत घेतील का?" बाई खोटं बोलल्या नाहीत. "नाही घेणार." मग बहुतेक सगळी गेली. कुणाच्या घरी आजारी आई, कुणाची धाकटी भावंडं. त्यांना बोल तरी कसा लावणार?

मौनी तेवढी आली घरी. संध्याकाळची वेळ होती. वन्सं खाली पाणी भरायला आल्या होत्या. आताशा त्या वरच स्वयंपाक करत, आणि खाली आल्या तर कामापुरत्याच.

"ताई, मी जाऊ का तिथे?" मौनीने दारातूनच विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

"घरी कोण आहे कमावणारं?"

"कुणी नाही."

"मग मला काय विचारतेस? जा. माझ्यापायी तू उपाशी राहिलीस तर मला का ती नोकरी परत मिळणार आहे?" वन्संनी कळशी खाली ठेवली. "आणि हात सांभाळ. खिळा लागला तर तसंच काम करत बसू नकोस, आधी धुऊन घे."

मौनी रडायला लागली. वन्संनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर बाई स्वयंपाकघरातून पुढे आल्या. कितीतरी दिवसांत वन्संचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, मनातली अढी सुटली.

वन्संनी कळशी उचलली. "तिला माफ केलं," त्या म्हणाल्या, "म्हणून तुलाही केलं असं समजू नकोस. ती पोर आहे. तिने मला निदान विचारलं तरी."

"मीसुद्धा फसलेच ना, वन्सं."

"हो. फसलीस. पण तुझी नोकरी आहे."



पुढच्या महिन्यात वन्संनी गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं काम धरलं. राहायला खोली होती. भावाने परोपरीने विनवलं, घर तुझंच आहे, इथूनच ये-जा कर. "लांब पडतं रे," एवढंच त्या म्हणाल्या. बाईंविरुद्ध भावाजवळ एक अक्षर काढलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. भाऊ खाली ड्रायव्हरबरोबर सामान रचत होता. वर शेवटची खाट राहिली. वन्संनी एकटीने ती ओढून पाहिली, दारात अडकली. बाई पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.  मग वन्संनी आपलं टोक धरलं.

"आडवी कर."

बाईंनी आडवी केली.

"जरा तुझ्याकडे. हं. आता उचल."

खाट दारातून निघाली. जिन्यात वळताना वन्सं खालच्या बाजूला आल्या, उलट्या पावलांनी. वजन सगळं त्यांच्यावर येत होतं. बाईंनी वरून जोर लावून पेललं, कमरेतून कळ गेली तरी सोडलं नाही.

"हळू," वन्सं म्हणाल्या. "मला मागचं दिसत नाहीये."

"मी बघतेय, वन्सं. पायरी आहे मागे. टाका पाय."

वन्सं थांबल्या. खाट दोन्ही हातांत तशीच तोलून त्यांनी मान वळवली, पायरी स्वतः पाहिली, आणि मगच पाय खाली टाकला.