एकशे तीस बाय चौऱ्याऐंशी

दंडावरचा बीपीचा पट्टा सोडला, पाच मिनिटं थांबले, पुन्हा बांधला. तिसऱ्या खेपेलाही तेच. एकशे सत्तर बाय एकशे चार.

"जोतीरामभाऊ, गोळ्या घेता की नाय?"

"घेतो की. आठवण झाली की घेतो."

"आणि आठवण कधी होते?"

"तुमी असे डोळे वटारले की," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू येत नव्हतं. कोपरखैरण्याच्या या दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली. केसपेपर काढणं, वजन घेणं, बीपी बघणं, सगळं माझ्याकडे. मी काही शिकलेली नर्स नाही, म्हसळ्याकडची नूरजहाँ, पण बीपी बघायला माझ्यासारखा हात नाही असं डॉक्टरच सांगायचे. जोतीरामभाऊ मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या धान्य बाजारात चौतीस वर्षं माथाडी होते, गेल्या साली सुटले. आणि आता मुलगा त्यांना एव्हरेस्टला नेणार होता!

"एव्हरेस्टवर नाय ओ, पायथ्याला," त्यांनी समजावलं. "शिवतेजनं पैसं भरल्यात. फकस्त हा कागद पायजे."

कागद म्हणजे ट्रेकवाल्यांचा फिटनेसचा फॉर्म. त्यात बीपीचा रकाना होता.

"असं बीपी बघून डॉक्टर सही करणार नाहीत."

"तुमी लिवलेलं ते वाचत्यात कुठं?"

बघा! हे दवाखान्यातलं गुपित आहे असं मी समजत होते. डॉक्टर माझं अक्षर बघायचे आणि सही ठोकायचे.

"महिनाभर गोळ्या घ्या नीट. मग जा."

"पुढल्या शुक्रवारचं विमान हाय, भाभी." त्यांनी हात जोडले. "चौतीस वर्षं पाठीवर लोकांचा माल वाहिला. मान कायम खाली. येकदा वर बघत चालायचंय."

माझी सासू आजारी पडली तेव्हा लिफ्ट बंद होती. याच माणसाने तिला पाठीवर घेऊन चार मजले उतरवलं होतं. ते उपकार मी फेडले, असं नंतर मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला बरं वाटलं. बावीस वर्षांत कुणी माझ्यापुढे हात जोडले नव्हते. लोक डॉक्टरांपुढे जोडतात, माझ्यावर खेकसतात. त्या दिवशी एका माणसाचं एव्हरेस्ट माझ्या पेनात होतं.

मी लिहिलं, एकशे तीस बाय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी फोनवर बोलता बोलता सही केली.

"मुलाला सांगाल ना पण? गोळ्यांवर लक्ष ठेवेल तो."

"सांगतो, सांगतो," म्हणत ते गेलेसुद्धा.

विमान गेल्यावर चार दिवसांनी मोबाइलवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे वारा सुटला होता. "भाभी, नामचे बाजारला पोचलो. बाजार म्हनून बघायला गेलो तर सगळा डोंगरच! हितलं हमाल कपाळाला पट्टा लावून वझं नेत्यात. येकाची पाठ दाबून दिली मी, लई हसला. पोरगं म्हनतंय, बॅग त्यांच्याकडं द्या. मी कशाला देऊ? आयुष्यात पयल्यांदा माझं सोताचं वझं हाय. तुमचं लई उपकार झालं."

मी ते तीनदा ऐकलं. बाकड्यावरच्या पेशंटांनाही ऐकवलं. केवढी फुशारले होते मी!

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी, दिंगबोचे नावाच्या गावात, ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

हेलिकॉप्टरने काठमांडूला आणि तिथून इकडे आणलं. मी बायकांमध्ये बसून रडले. डॉक्टर म्हणाले, "फिट माणूस होता हो. उंचीवर कुणाचं काही सांगता येत नाही." मी मान हलवली.

तीन आठवड्यांनी बाळाबाई, त्यांची बायको, दवाखान्यात आल्या. मला वाटलं कळलं यांना. पण त्या मुलासाठी झोपेची गोळी मागत होत्या.

"कामावं जात नाय, भाभी. जेवत नाय. नुस्ता भिताडाकडं बघून बसतो. बापाला मीच मारलं म्हनतो. बॅग मी घ्यायला पायजे हुती, म्हनतो."

त्या गेल्यावर मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी उठून दार लावलं. "नूरबाई, बोलून माणूस परत येणार आहे का? माझं लायसन्स जाईल, तुमची नोकरी जाईल. गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी गप्प बसले. मग छत्री घेतली आणि उन्हात माथाड्यांच्या वसाहतीकडे निघाले.

शिवतेज खाली फरशीवर बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, दाढी वाढलेली, डोळे कोरडेठाक. मी समोर बसले, तसा तो कुणीतरी विचारल्यासारखा बोलायला लागला.

"दहा किलोची बॅग होती, आंटी. दम लागला की ते थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, वर बघायला थांबलोय. आणि मी येडा, फोटो काढत होतो. आदल्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, बाबा, इथं सगळ्यांचंच दुखतं, टेन्शन नका घेऊ."

"बॅगेमुळे नाही रे काही झालं," मी म्हटलं. "त्यांचं बीपी एकशे सत्तर होतं. वरचं. खालचं एकशे चार. मी खोटं लिहिलं."

स्वयंपाकघरात बाळाबाईंच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

शिवतेजला कळायला वेळ लागला. "बाबांना माहीत होतं?"

"आकडा मी त्यांना दाखवला होता. तुला सांगतो म्हणाले होते."

"आणि तुमी विश्वास ठेवला?"

"ठेवला."

"माझा नंबर होता ना तुमच्याकडे?"

"होता."

"मग एक फोन, आंटी! एक फोन करायचा." त्याचा आवाज चिरकला. "मी कॅन्सल केलं असतं. गेले असते पैसे. माथेरानला नेलं असतं त्यांना, घोड्यावर बसवून. ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते माझ्याशी. पण घरात असते ना!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते. पण त्या पोरापुढे माफी मागणं म्हणजे पुन्हा माझंच काहीतरी मागणं झालं असतं.

"निघा तुमी," तो म्हणाला. "प्लीज निघा."

मी बाहेर आले, चपला घालायला वाकले, आणि आतून त्याचा आवाज आला. आधी वाटलं खोकतोय. मग तो मोठ्याने रडायला लागला, लहान पोरासारखा, बाबा बाबा करत. मी नकळत उंबऱ्याकडे वळले. बाळाबाईंनी दारात हात आडवा धरला.

"रडू द्या," त्या हळू म्हणाल्या. "बाप गेल्यापासनं येक टिपूस काढलं नव्हतं त्यानं."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली.

"सांगितलं ते बरं केलं तुमी," बाळाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता बोलल्या, "पर भाभी, आता पुन्यांदा आमच्या दारात येऊ नका."

"नाही येणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पदराने तोंड पुसलं, आत गेल्या आणि दार हळूच लावून घेतलं.