पोटदुखीवरची वेल

वाळलेली झाडं कागदावर चिकटवणं हे तिचं काम. वनस्पती संग्रहालयात सगळे तिला डिंकबाई म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. जंगलातून दाबून-वाळवून आलेली फांदी जाड कागदावर पसरायची, एक पान उताणं तर एक पालथं ठेवायचं, बारीक पट्ट्यांनी बसवायची आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. आयुष्यात एकदाही जंगलात पाऊल न टाकता हजारो जंगली झाडं तिच्या हातांखालून गेली होती.

त्या वर्षी जुन्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. झाडाचं नाव, कुठे सापडलं, कुणी आणलं, तिथले लोक काय म्हणतात, कशासाठी वापरतात, असे पाच रकाने. एके सकाळी नव्वद वर्षांपूर्वीचा एक कागद तिच्यासमोर आला. एक वेल, चार पानं, मनगटाएवढ्या खोडाची एक चकती. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘स्थानिक नाव ओरामीते. उपयोग : पोटदुखीवर, सालीचा काढा.’

ती वेल ज्यानं आणली होती त्याच माणसाचे आणखी सहा कागद त्या गठ्ठ्यात होते. सहाही वेगवेगळी झाडं, आणि त्यांतल्या तीन झाडांचं स्थानिक नाव पुन्हा ओरामीतेच.

ती कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. सर विभागप्रमुख होते आणि त्या दिवसांत घाईत होते, कारण ‘जंगलातली औषधं’ नावाची त्यांची पुस्तिका छापखान्यात गेली होती.

“सर, चार झाडांना एकच नाव कसं?”

“असतं. लोक ढोबळ बोलतात. आहे ते उतरवून घ्या.”

तिनं उतरवून घेतलं. पण डोक्यातला किडा काही शांत होईना. मग तिला आठवलं की फाटकावरचा वॉचमन चिठ्ठीवरच्या त्याच डोंगराळ जंगलाकडचा आहे. दुपारी ती त्याच्या खोलीवजा चौकीपाशी गेली.

“ओरामीते म्हणजे काय हो?”

वॉचमन एकदम आक्रसल्यासारखा झाला. “ताई, मी लहानपणीच शहरात आलो. मला येत नाही ती भाषा.” मग जरा थांबून म्हणाला, “माझी मावशी आलीय डोळ्याच्या ऑपरेशनला. चार दिवस झाले, माझं डोकं खातेय. ह्या झाडाला पाणी का घालत नाही, त्या झाडाला एवढं का कापलं. तिलाच विचारा, म्हणजे माझीही सुटका.”

मावशी चौकीच्या मागे बाकावर बसली होती. एका डोळ्यावर हिरवी झापड, आणि हातात कुठून तरी मिळवलेली पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी. तिची ती टोपली विणत होती. घरी तिचा धंदाच तो होता, आणि बाजारात टोपल्या विकून विकून तिनं शहरची भाषा शिकून घेतली होती.

“ओरामीते?” तिनं हातातलं विणकाम थांबवलं. “असं कुणाचं नाव असतं? कुठे लिहिलंय?”

डिंकबाईनं तिला आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि पुढे हातमोजे ठेवले. जुन्या कागदांना कीड लागू नये म्हणून पूर्वी विषारी औषध लावत.

“हे घालून हात लावायचा?” मावशी म्हणाली. “हातमोजे घालून कुणी आपलं पोर चाचपतं का? राहू दे. नुसती बघते.”

डिंकबाईनं चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. आधी मावशीचे खांदे हलायला लागले, आणि मग ती अशी हसली की चांगल्या डोळ्यातूनही पाणी आलं.

“अगं पोरी, ओरामीते म्हणजे ‘हा अजून विचारतोच आहे’! त्या माणसानं विचारलं असेल याचं नाव काय, त्याचं नाव काय. आमचा एक जण दुसऱ्याला म्हणाला असेल, बघ, हा अजून विचारतोच आहे. आणि यानं ते लिहून घेतलं!”

डिंकबाईही हसली. चार झाडांचं एक नाव का, ते कळलं. पण मावशीचं हसू कागदावर नजर गेल्यावर मावळलं. ती पुढे वाकली, नाक कागदाला लागेल इतकी. चकतीतल्या लाकडाच्या उभ्या-आडव्या रेषा तिनं एका डोळ्यानं नीट पाहिल्या.

“पोटदुखीवर म्हणून लिहिलंय? नक्की?”

“हो. सालीचा काढा.”

“हिच्या सालीचं पाणी पोटात गेलं तर पोट दुखायचं थांबेल खरं. माणूसच थांबेल.”

ही वेल पुस्तिकेत होती. काही महिन्यांपूर्वी, चिठ्ठी न वाचताच, तिनं स्वतःच सरांना त्या कागदाचा फोटो काढून दिला होता.

मावशीनं सांगितलं ते असं. ही मासे धुंद करायची वेल. उन्हाळ्यात ओढा आटून डोह उरतात तेव्हा साल दगडावर कुटायची, पाण्यात खळबळायची. मासे भोवळ येऊन वर येतात. मोठे उचलायचे, लहान वाहत्या पाण्यात सोडायचे, ते पुन्हा सावरतात. कुटणाऱ्यानं त्या हातानं तोंड पुसायचं नाही, आणि त्या दिवशी लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही.

“मग त्याला पोटदुखीचं का सांगितलं असेल?” डिंकबाईनं विचारलं.

“मलाही तेच कळत नाही,” मावशी म्हणाली. “ऐकण्यात चूक झाली असेल. नाहीतर डोह दाखवायचा नसेल त्याला. बाहेरची माणसं एकदा आली की डोहात शेपूटसुद्धा ठेवत नाहीत. पण खोटं सांगायचं तर असलं खोटं कुणी सांगू नये.” ती खरंच विचारात पडली होती.

दोघी सरांकडे गेल्या. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा गोळा करणारा माणूस साधासुधा नव्हता. त्याच्या नोंदींवर आमचा अर्धा विभाग उभा आहे. आणि इकडे...” त्यांनी मावशीच्या झापडीकडे पाहिलं. “वाळक्या चार पानांवरून, एका डोळ्यानं, तुम्ही ठरवलंत?”

“दोन्ही डोळे असते तर तुम्हाला पटलं असतं का?” मावशीनं सरळ विचारलं. “ओली वेल आणा. दाखवते.”

“ती काय बाजारात मिळते?”

पण काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होती. डिंकबाईनं यादी पाहिली, तर बागेतल्या काचघरात तीच वेल बारा वर्षांपूर्वी लावल्याची नोंद होती. माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, त्या कोपऱ्यात एकमेकींत गुंतलेल्या तीन वेली आहेत, पाट्या कधीच पडल्या, कुठली कुठली ते देवाला ठाऊक.

काचघरात दमट उकाडा होता. मावशी आत शिरली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तिनं मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तिनं पहिल्या वेलीला नखानं ओरखडा काढला, हुंगली, सोडली. दुसरीचंही तसंच. तिसरीला ओरखडा काढला आणि हात लांब धरला. “ही.”

“ही होय!” माळी म्हणाला. “हिची छाटणी केली की माझे हात दोन दिवस झोंबतात. आणि...” तो थबकला. “सर, दोनदा छाटणीनंतर टाकीतले मासे मेले होते. छाटलेलं तिथेच कडेला टाकलं होतं मी. मला वाटलं नळाच्या पाण्यानं मेले.”

आता मात्र सरांचा चेहरा बदलला. घाई गेली आणि तिच्या जागी काहीतरी जुनं, विद्यार्थ्याच्या वयाचं आलं. त्यांनी स्वतः दोन बादल्या आणल्या. डास होऊ नयेत म्हणून टाकीत सोडलेले बोटाएवढे मासे प्रत्येकीत पाच-पाच घातले. “एकीत ह्या वेलीची साल, दुसरीत शेजारच्या वेलीची,” ते म्हणाले. “नाहीतर मासे धरपकडीनं भोवंडले की सालीनं, ते कळायचं नाही.”

“हुशार आहेत तुझे सर,” मावशी डिंकबाईच्या कानात म्हणाली.

मावशीनं तोंड फडक्यानं बांधून दोन्ही साली वेगवेगळ्या कुटल्या आणि आपापल्या बादलीत खळबळल्या. पहिल्या बादलीतल्या पाण्याला दुधासारखा पांढुरका रंग आला. चौघंही बादल्यांभोवती उकिडवे बसले. सर, माळी, डिंकबाई, मावशी. चौकी सोडून वॉचमनही दारात येऊन उभा. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग एक मासा तिरका झाला. दुसरा गोल गोल फिरू लागला. पाचही वर आले, तोंडं उघडी. शेजारच्या बादलीतले पाच मात्र आपल्याच नादात पोहत होते.

“काढा, काढा आता,” मावशी म्हणाली. तिनंच त्यांना चाळणीनं उचलून ताज्या पाण्यात सोडलं. चार सावरले. एक नाही सावरला.

सर उठले आणि तिथूनच त्यांनी छापखान्याला फोन लावला. पुस्तिका थांबली. ते एकच पान नव्हे, तर त्या माणसाच्या चिठ्ठ्यांवरून घेतलेली सगळी पानं त्यांनी काढून घेतली. त्यांना ते जड गेलं, दिसत होतं. पण त्यांनी ते केलं.

मग ते मावशीकडे वळले. “मग पोटदुखीवर तुम्ही खरं काय वापरता?”

मावशीनं हात धुतले, पुन्हा धुतले. “मला माहीत आहे. पण ते माझ्या एकटीचं नाही. घरी विचारावं लागेल.”

“साधं एक नाव तर...”

“सर,” वॉचमन दारातून म्हणाला, “ती एकदा नाही म्हणाली की नाहीच.”

झापड निघाली आणि मावशी आपल्या गावी गेली. दीड महिना काहीच कळलं नाही. मग एक दिवस वॉचमनच्या फोनवर निरोप आला. त्यानं तो दोनदा ऐकला आणि मग सरांच्या टेबलापाशी उभा राहून शब्दाशब्दाला अर्थ सांगत गेला. येत नाही म्हणणारा माणूस एकदाही अडखळला नाही. गावचे लोक विचार करायला एकत्र बसले होते. अकरा झाडांचं सांगायला तयार आहेत. तीन झाडांचं नाही, आणि का नाही तेही विचारायचं नाही. चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. लिहिलेलं तिथे येऊन वाचून दाखवायचं, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवायची.

सर थोडे कुरकुरले. त्या तीन झाडांवरून विशेष. मग म्हणाले, “लिहून घ्यायला आणि वाचून दाखवायला कोण जाईल?” आणि सगळ्यांनी डिंकबाईकडे पाहिलं.

अशी ती वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा जंगलात गेली. वॉचमननं रजा काढली, दुभाषा म्हणून. पहिल्या दिवशी चिखलात तिची चप्पल दोनदा रुतली आणि तिनं इतके प्रश्न विचारले की वॉचमन मेटाकुटीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तिला ओढ्यापलीकडे घेऊन गेली.

कागदावर ती वेल चार पानांची होती, काचघरात हाताएवढी जाड. इथे ती मांडीएवढी होती. जमिनीतून निघून एका झाडाला विळखा घालत दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेली होती आणि वर पानांच्या गर्दीत नाहीशी झाली होती. डिंकबाईनं मान मागे टाकून तिचा शेवट शोधायचा प्रयत्न केला.

“किती उंच जाते गं मावशी ही?”

मावशीनंही दोन्ही डोळे बारीक करून वर पाहिलं. “काय माहीत. मी कधी विचारच केला नव्हता याचा.”

मग दोघी झाडाभोवती फिरून दुसऱ्या बाजूनं बघायला निघाल्या.