शून्य कोणाचं होतं

सकाळी साडेदहाला ताईचा फोन आला. माझी सख्खी मोठी बहीण, कर्करोगाच्या इस्पितळात किरणं देणाऱ्या मशीनवर काम करते.

"डिस्क गेली रे. एकतीस पेशंटांचे किती डोस झाले, सगळं त्यात. कालची प्रत चढव. तीनला पहिला पेशंट आहे."

"अर्ध्या तासात," मी म्हणालो. माज होता.

माझा प्रोग्राम ऑफिसातून बारा इस्पितळांच्या युनिक्स संगणकांना रोज हुकूम पाठवायचा: नोंदींची प्रत काढ. काम झालं की हुकूम शून्य परत करतो, फसलं की दुसरा कुठला तरी आकडा. ताई चिडवायची, "शून्य मिळालं की पास? शाळेत असं असतं तर तुझा किती मार वाचला असता."

आठ महिने रोज शून्य आलं होतं. फोल्डर उघडलं. शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची.

तेव्हाच आमच्या ऑफिसातल्या साहेबांना त्या संगणकांवरचे सगळे संदेश एका फाइलीत हवे झाले होते. मी प्रत काढणाऱ्या हुकुमाच्या शेपटीला दुसरा हुकूम बांधला: येईल ते उतरवून घे. अशा जोडीत आकडा परत येतो तो शेवटच्या हुकुमाचा, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रत काढणारा रोज बोंबलत होता, जागा संपली, जागा संपली. लिहिणारा ती बोंब इमानाने उतरवत होता आणि शून्य पाठवत होता. त्याचं काम झालंच होतं की. फाइल साहेबांनी उघडली नाही, मीही नाही. हिरवी शून्यं बघून मी चहा प्यायचो.

साहेबांना सांगितलं.

"रिपोर्टात शून्यं आहेत ना? मग डिस्कवाल्यावर ढकल. बहिणीलाही तेच सांग."

"ती माणसं टेबलावर झोपवणार आहे, साहेब."

"आपण डॉक्टर आहोत का?"

खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं मला ते पटलं होतं. मग रिक्षा पकडली.

ताई मशीनच्या खोलीत उभी होती. मी म्हणालो, "प्रत नाही. आठ महिन्यांत एकही नाही. चूक माझी."

तिने टेबलावरची वही उचलली. "डॉक्टर कागद धुंडाळतायत. अर्ध्यांचे सापडतील. आता इथे रडलास तर कानाखाली देईन. वही घे, बाहेर बसलेत त्यांना विचार, किती वेळा झालं. कागद आणि माणूस जुळल्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

बाकांवर नऊ जण होते. एक म्हातारा म्हणाला अठरा, त्याची सून म्हणाली एकवीस, दोघं भांडायला लागले. एक मास्तर बोटांवर मोजून दोनदा चुकले आणि माझ्याकडेच बघत राहिले, जसा काही मी त्यांना उत्तर सांगणार होतो.

शेवटी डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई. माझ्यापेक्षा लहान असेल.

"तुमचं किती वेळा झालं?"

तिने आधी वहीकडे पाहिलं, मग मशीनच्या बंद दाराकडे.

"किती सांगितले तर आज बंद ठेवणार नाहीत?" तिने हळूच विचारलं. "तेवढे लिहा."

मी तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आणि वही ताईला नेऊन दिली.

ताईने ती पाहिली. मग बाहेर येऊन सगळ्यांना घरी जायला सांगितलं.