नायोबीच्या चित्रावरचा डाग

मित्रांनो, मी बोलोन्या शहरातले एक जुने तैलचित्र आहे. लातान्झियो नावाच्या चित्रकाराने मला रंगवले, त्याला आता साडेतीनशे वर्षे झाली. माझ्यावर नायोबी राणीची पुराणकथा आहे. आपल्या चौदा लेकरांचा तिला गर्व झाला, म्हणून रागावलेल्या देवांनी तेरा लेकरे बाणांनी मारली आणि धाकटीवर बाण रोखला. ती आईच्या कुशीत शिरली आहे.

राणी म्हणून लातान्झियोने ओर्सोला नावाच्या धोबिणीला उभे केले आणि धाकटी म्हणून तिच्याच पाच वर्षांच्या बेत्ताला. कथा मात्र सांगितली नाही. "लेकीला पावसापासून जपतेयस असं समज," एवढेच म्हणाला. माझी पाठ तिच्याकडे असे. आठ दिवस तो राणीचा चेहरा रंगवी आणि खरवडून टाकी, कारण ओर्सोलाला मध्येच हसू येई.

नवव्या दिवशी त्याने मला तिच्याकडे वळवले.

तिने आधी खाली पडलेली मुले पाहिली. मग बेत्ताच्या पाठीवर रोखलेला बाण पाहिला. ती पांढरीफटक पडली.

"अशीच राहा. हलू नकोस," म्हणत लातान्झियो भराभर कुंचला चालवू लागला.

मी हादरले. मला घडवणारे हातच एका आईचा थरकाप टिपून माझ्यावर उतरवत होते.

"माझ्या जित्या पोरीला मारता होय, मालक?" तिने विचारले.

"अगं, राणीची गोष्ट आहे ती."

"मग राणीची पोर आणायची होतीत. माझी कशाला आणलीत?"

तिने कमरेचे फडके काढले आणि बाण पुसला. रंग ओलाच होता. तिथे करडा डाग तेवढा उरला. लातान्झियोने बाण पुन्हा रंगवला नाही. चित्र घ्यायला आलेल्या सरदाराने बाणाबद्दल विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "तो सुटलाच नाही, सरकार."

पुढे दिवाणखान्यात लोक माझ्यावरच्या राणीच्या चेहऱ्याची तारीफ करत. तो कुणाचा, हे एकानेही विचारले नाही. मग शंभर वर्षे मी माळ्यावर व्हिनेगरच्या पिंपांमागे कुजत पडले होते.

आता मी संग्रहालयात आहे. काल मला दुरुस्त करणारे गृहस्थ सहकाऱ्याला म्हणाले, "इथे बाण होता. आपण पुन्हा काढू." ऐकून मी गारच पडले.

मित्रांनो, जुन्या चित्रांची धूळ झटका, त्यांना ओलीपासून जपा. पण प्रत्येक डाग म्हणजे मळ नव्हे. माझ्या अंगावरची एकच मुलगी अजून जिवंत आहे. तिला तशीच राहू द्या.